पूरमैदानातले दोन दिवस

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



काल रात्री संयोजकांनी मला सांगितलं, "तू अमेरिकेत असतेस, तिकडचं काहीतरी सांग. पण कॉम्प्युटरवर नको." म्हणजे माझ्या पोटापाण्याच्या विषयावर बोलायला बंदी आहे. म्हणून मी एका सहलीबद्दल बोलणार आहे. मात्र ती सहल फिरून फिरून सांगलीतच येते, आणि शेवटी माझं एक घरगुती दुखणंही तुमच्यासमोर मांडणार आहे. वेळ झाली की घंटा वाजवा.

भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, नववीत तुम्ही फळ्यावर नदीचं चित्र काढलं होतंत. नागमोडी वळणं, तुटून वेगळं झालेलं नालाकृती सरोवर, दोन्ही काठांना पूरतट आणि त्यापलीकडे आडव्या रेघांनी दाखवलेलं पूरमैदान. "पूरमैदान म्हणजे काय?" या प्रश्नाला दोन मार्क होते. मी लिहिलं होतं, पुराच्या वेळी नदीने आणलेला गाळ काठांवर पसरून तयार झालेला सपाट प्रदेश. दोनपैकी दोन मिळाले. पण त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, साउथ कॅरोलायना राज्यातल्या एका होडीत.

आम्ही शार्लट शहरात राहतो. तिथून दक्षिणेला गाडीने साधारण दीड तास गेलं की कोलंबिया लागतं, ती त्या राज्याची राजधानी. कोलंबियात सलूडा आणि ब्रॉड या दोन नद्या एकत्र येतात आणि काँगरी नदी तयार होते. आपल्या हरिपूरला कृष्णा-वारणा भेटतात तसंच, फक्त तिथे संगमानंतर नदीचं नाव बदलतं. शहर मागे टाकून अर्ध्या तासावर काँगरी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे २६ हजार एकरांचं जंगल, आणि त्यातलं बहुतेक सगळं नदीच्या पूरमैदानात.

अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं म्हटलं की डोळ्यासमोर दऱ्या, बर्फाचे डोंगर, गरम पाण्याचे फवारे येतात. काँगरीत यातलं काही नाही. प्रवेशाला पैसे नाहीत, फाटकावर रांग नाही. कार्यालयाच्या भिंतीवर एक डासमापक आहे. गोल तबकडी, त्यावर एक काटा आणि एक ते सहा अंक. एक म्हणजे डास नाहीत, सहा म्हणजे युद्धभूमी. आम्ही गेलो तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा होता आणि काटा दोनवर होता. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. ती म्हणाली, "आई, हे लोक निदान प्रामाणिक आहेत."

आम्ही लाँगलीफ नावाच्या तळावर तंबू ठोकला. तो तळ थोड्या उंचवट्यावर, पाइनच्या झाडांत आहे. गाडी बाहेरच लावायची आणि सामान हातात घेऊन आत जायचं. नळ नाही, आंघोळीची सोय नाही, पिण्याचं पाणी कार्यालयापाशी जाऊन भरून आणायचं. पहिल्या रात्री आम्ही चुलीवर खिचडी केली. पापड जळाले. सोबत आईने पाठवलेलं भडंग होतं, त्यावर वेळ निभावली. रात्री घुबडं एकमेकांना साद घालत होती, आणि तो आवाज इतका माणसासारखा की नवऱ्याने दोनदा उठून बॅटरी लावून पाहिलं.

सकाळी फळ्यांच्या पायवाटेवर गेलो. जमिनीपासून वर उचललेली लाकडी वाट, जवळजवळ चार किलोमीटरचा फेरा. तंबूपाशी पाइन होते आणि जमीन कोरडी होती. या वाटेने थोडं पुढे गेलं की जमीन काही फुटांनीच खाली जाते आणि सगळी सृष्टी बदलते. बॉल्ड सायप्रस आणि टुपेलो ही झाडं सुरू होतात. त्यांचे बुंधे तळाशी घागरीसारखे फुगलेले. सायप्रसच्या मुळांतून लाकडी सुळके वर आलेले असतात, गुडघाभर, काही कमरेएवढे. त्यांना तिथे गुडघेच म्हणतात. ते कशासाठी असतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. इथले काही लोब्लोली पाइन १६० फुटांहून उंच आहेत. मजल्यांत मोजायचं तर सोळा मजली इमारत. आणि बुंध्यांवर, माझ्या छातीच्या उंचीला, गाळाची एक फिकट रेघ होती. सगळ्या झाडांवर, एका पातळीत, पट्टी लावून ओढावी तशी.

ती रेघ बघून मी थांबले. तुम्हीही थांबला असता. आपल्यापैकी गावभागात, सांगलवाडीत, शामरावनगरात ज्यांची घरं आहेत त्यांना ती रेघ ओळखायला कुठलाही फलक लागत नाही.

तिथल्या रेंजरबाईंनी समजावून सांगितलं की लोक याला दलदल म्हणतात, पण ही दलदल नाही. इथे पाणी कायम साचून राहत नाही. नदी वर्षातून साधारण दहा वेळा काठ सोडून जंगलात येते आणि परत जाते. पाऊस इथे पडायलाच पाहिजे असं नाही. वर डोंगराळ भागात पडला की पाणी काही दिवसांनी इथे पोचतं. आभाळ निळं असतं आणि जंगलात पाणी चढत असतं. मी मनात म्हटलं, बाई, हे मला सांगू नका. महाबळेश्वरला आणि कोयनेला पडतो, आणि आयर्विन पुलाखाली आम्ही फूट मोजतो.

दुपारी होडी. कोलंबियातल्या दुकानातून एक कॅनू भाड्याने आणली होती. सीडर क्रीक नावाचा एक ओढा या जंगलातून वाहत जाऊन काँगरीला मिळतो. त्यात सुमारे पंधरा मैलांचा जलमार्ग आखलेला आहे. झाडांवर आकड्यांच्या पाट्या आहेत, त्या बघत जायचं. आदल्या रात्री मी ओढ्याची पातळी इंटरनेटवर पाहिली होती. ती तिथेही फुटांतच देतात. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "इतक्या लांब जाऊन पण फूटच मोजतीस होय?"

खरं सांगायचं तर होडीची मला भीती वाटत होती. पोहणं मला येतं, माई घाटावर शिकले आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळची होडी उलटली, ती बातमी मी शार्लटमध्ये पहाटे वाचली होती आणि त्याच वेळी माझे आईबाबा पुराच्या पाण्यात अडकलेले होते. तेव्हापासून होडी म्हटलं की पोटात गोळा येतो. तरी लाइफ जॅकेट घातलं. मुलगी पुढे, मी मागे सुकाणूला, नवरा मधे सामानासारखा.

पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. पानं कुजून तसा रंग येतो. प्रवाह इतका संथ की वल्हं थांबवलं की होडी जवळजवळ उभी राहते. फांद्यांवर साप ऊन खात पडलेले, एक पिवळाधमक छोटा पक्षी, आणि क्षणभर दिसून गेलेलं पाणमांजर. दोन ठिकाणी ओंडके आडवे होते, तिथे उतरून होडी ओढून न्यावी लागली. पण त्या दिवशी पाणी थोडं चढतं होतं. एका वळणानंतर काठच दिसेनासा झाला. ओढा आणि जंगल यांत फरक राहिला नाही. सगळीकडे पाणी, सगळीकडे झाडं. पाटी सापडेना. फोनला रेंज नाही.

अर्धा तास आम्ही झाडांमधून फिरत राहिलो. नवरा म्हणाला, आल्या वाटेने परत जाऊ. पण आल्या वाटेवर पाण्यात खुणा राहत नाहीत. शेवटी मुलीने वल्हं आत घेतलं आणि म्हणाली, "थांबा, पानं कुठे चालली आहेत ते बघू." आम्ही गप्प बसलो. बहुतेक पानं जागच्या जागी गोल फिरत होती. एका बाजूला मात्र ती हळूहळू एका दिशेने सरकत होती. तिकडे गेलो, तर ओढा होता आणि झाडावर पाटी.

त्या अर्ध्या तासात मी दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे मी चक्क पुरात बसले होते. कमरेपेक्षा जास्त पाणी, मैलोन्‌मैल पसरलेलं. आणि दुसरी म्हणजे तिथे कुणाचंही काही बिघडत नव्हतं. पाणी कुठे आदळत नव्हतं, आवाज करत नव्हतं. ज्या झाडांना आम्ही होडी टेकवत होतो ती शेकडो वर्षं याच पाण्यात उभी होती. पूर म्हटलं की माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, घरात शिरलेलं पाणी. पसरायला जागा असलेला पूर मी कधी पाहिलाच नव्हता.

नंतर त्या जंगलाचा इतिहास वाचला. ते जंगल वाचलं, त्यात पुराचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सिस बीडलर या लाकूड व्यापाऱ्याच्या कंपनीने ही जमीन घेतली. पण चिखलात लाकूड बाहेर काढणं जमेना. तोडलेले सायप्रसचे ओंडके ओढ्यात सोडले तर ओले असल्यामुळे बुडायचे. १९१५ च्या सुमारास तोड थांबली. त्याही आधी काही मळेवाल्यांनी तिथे बांध घालून नदीला बाहेर ठेवून शेती करायचा प्रयत्न केला होता. जनावरांना पुरात उभं राहायला मातीचे उंच ढिगारे रचले होते. ते ढिगारे अजून जंगलात आहेत आणि ते गुलामांच्या कष्टाने उभे राहिले असं मानतात. त्याच जंगलात मळ्यांवरून पळालेले गुलाम लपून वस्ती करून राहत, कारण पाण्यात पाठलाग करणं अवघड. बांध टिकले नाहीत, शेती टिकली नाही. नदीने जागा परत घेतली.

१९५० च्या दशकात हॅरी हॅम्प्टन नावाचे एक पत्रकार हे जंगल राखावं म्हणून लिहू लागले. फारसं कुणी ऐकलं नाही. १९६९ मध्ये लाकडाचे भाव चढले आणि तोड पुन्हा सुरू झाली, तेव्हा लोक जागे झाले. शेवटी १९७६ मध्ये जंगलाला संरक्षण मिळालं आणि २००३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा. आज कार्यालयाच्या इमारतीला हॅम्प्टन यांचंच नाव आहे.

आता सांगलीत येते.

आपल्या लहानपणी पूर हा बघायला जायचा प्रकार होता. शाळेला सुट्टी, बाबांच्या सायकलवर बसून आयर्विन पुलावर जायचं, कागदाच्या पुडीतलं भडंग खायचं आणि पाणी किती फूट झालं ते मोठ्यांच्या गप्पांतून ऐकायचं. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आपल्याला पाढ्यांसारखं पाठ. पाणी उतरलं की मळीच्या जमिनीत वांगी लागायची. त्या चवीचं श्रेय पुराच्या गाळाला आहे, हे माझी आजी सांगायची. गावात सखल जागा होत्या, ज्यांना आपण ओत म्हणतो. आजी म्हणायची, ओत ही नदीची पडवी आहे. ती आली की तिथे बसते.

२००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. हरिपूरची हळदीची पेवं पाण्याखाली गेली. त्यानंतर दोन वर्षांनी मी सांगलीत प्लॉट घेतला. तीन गुंठे, भराव घातलेल्या एका ओतात. मी वालचंदची इंजिनिअर, नुकतीच परदेशी नोकरी लागलेली, आईबाबांना भाड्याच्या घरातून बाहेर काढायचं होतं आणि ती जागा स्वस्त होती. ती स्वस्त का आहे, हे मी विचारलं नाही. बाबांनी विचारलं होतं. विकणारा म्हणाला, "गुडघाभर आलं होतं फक्त." मी फोनवर बाबांना म्हटलं, "मग जोतं चार फूट उंच घेऊ, प्रश्न मिटला." बाबा गप्प बसले. मुलगी इंजिनिअर, पैसे तिचे, काय बोलणार?

निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. हे मला माहीत होतं. आमचा प्लॉट कुठल्या रेषेच्या आत आहे हे मी नकाशावर पाहिलं ते २०१९ च्या पुरानंतर. निळ्या रेषेच्या आत.

२०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जोत्याचे चार फूट पहिल्या रात्रीच संपले. आईबाबा वरच्या मजल्यावर दोन रात्री होते, तिसऱ्या दिवशी बोटीने बाहेर काढले. बाबांची पेटी खाली राहिली होती. चाळीस वर्षं वाजवलेली. पाण्याने लाकूड फुगलं आणि सूर गेले. बाबा मला एकदाही काही बोलले नाहीत. "तुझी काय चूक?" एवढंच म्हणाले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, आणि पुढच्या वर्षी बाबा गेले. पुरामुळे गेले असं नाही. पण नवीन पेटी त्यांनी घेतली नाही. काँगरीला आम्ही गेलो ते त्यानंतरच्या एप्रिलमध्ये.

आता आई भावाकडे विश्रामबागेत असते. ते घर रिकामं आहे. एका बिल्डरला ते हवं आहे. आणखी भराव घालायचा, खाली पार्किंग, वर पाच मजले. भाव चांगला आहे. या मेळाव्याला येताना करारावर सही करूनच जायचं ठरलं होतं. पण मी ती करणार नाही. भाऊ नाराज आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. तो म्हणतो, "ताई, तीन गुंठ्यांनी पूर अडतो का? आपण नाही विकलं तर शेजारचा विकेल." गणित मलाही येतं. तीन गुंठ्यांनी काहीही होत नाही. आणि सांगलीच्या पुराला पाऊस आहे, धरणांचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक आहे, खाली नदी कशी वाहते हे आहे. मी त्यातली तज्ज्ञ नाही. काँगरी इथे आणता येणार नाही, हेही कळतं. तिथे फार लोक राहत नव्हते. इथे लाखो राहतात, आणि बहुतेकांना दुसरीकडे घर परवडत नाही.

पण मी ज्याला विकेन तो त्या जागेवर आणखी चार फूट माती टाकेल आणि ते पाणी शेजारच्या पत्र्याच्या घरात ढकलेल. वर कुणीतरी मुलगी परदेशातून आईबाबांसाठी फ्लॅट घेईल आणि विचारेल, पाणी येतं का? तिला कुणीतरी सांगेल, गुडघाभर. ते मला नको आहे. घर पाडून जागा मोकळी ठेवायची, असं मी ठरवलं आहे. भावाचा वाटा मी त्याला माझ्या बचतीतून देणार आहे. मोठं काही केलं असं मुळीच नाही. पंधराहून अधिक वर्षांपूर्वी केलेली चूक मी फक्त दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाहीये.

आपल्या वर्गात दोन बिल्डर आहेत, एक जण महापालिकेत आहे, तीन जण शिक्षक आहेत, आणि घर घेणारे तर सगळेच. मी कुणाला उपदेश करायला उभी नाही, माझं स्वतःचंच पुस्तक कोरं नाही. फक्त एक मागणी आहे. आपल्या शाळेच्या फाटकाच्या खांबावर तीन रेघा ओढूया. २००५, २०१९ आणि २०२१. पाणी कुठवर आलं होतं ते शिपाईमामांना नक्की आठवतं, मी काल विचारलं. त्या रेघांना रंग द्यायचा आणि बाजूला फूट लिहायचे. खर्च मी देते, पण रंग आपण सगळ्यांनी मिळून लावायचा. इथे नववीत पूरमैदानाची व्याख्या पाठ करणाऱ्या पोरांना त्या रेघेला हात लावता यावा. कुणाचा हात पोचेल, कुणाचा नाही पोचणार.

बाई, तुम्ही दिलेले ते दोन मार्क मी परत करायला तयार आहे. पण आधी रंग लावायला चला.